आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवारी चालू होत नाही, तेव्हा काय तपासावे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पुष्कळ गाड्यांचा आठवडा सारखाच जातो. सोमवार ते शुक्रवार घरातली माणसे ट्रान्स-हार्बरच्या लोकलने किंवा कंपनीच्या बसने कामावर जातात आणि गाडी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते. शनिवारी सकाळी सगळे तयार होऊन खाली येतात, किल्ली फिरवतात आणि गाडी चालू होत नाही. शेजारचे कोणी जंप स्टार्ट करून देतात, दिवस निभावतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच होते. मग बॅटरी बदलली जाते. काही महिन्यांनी ती नवी बॅटरीही उतरते, आणि त्यानंतर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर), अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र), ईसीएम (इंजिनाचा संगणक) अशी एकापेक्षा एक महागडी नावे घेतली जाऊ लागतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की पुन्हा पुन्हा होणाऱ्या या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा बॅटरीत, तिच्या दोन टर्मिनलवर किंवा उभ्या गाडीत गुपचूप वीज खाणाऱ्या एखाद्या उपकरणात असते, आणि या तिन्ही गोष्टी मोजून ठरवता येतात. काही शे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश आणि थोडा खाण्याचा सोडा एवढ्या साहित्यावर पार्किंगमध्येच बरेचसे निदान होते. मोजमाप झाल्याशिवाय कोणताही भाग बदलायला होकार देऊ नये, हे मी मनापासून सांगतो. कारण अंदाजाने बदललेला भाग दुकानदार परत घेत नाही आणि खरा दोष गाडीत तसाच राहतो.

आधी ऐका आणि दिव्यांकडे पाहा

“गाडी चालू होत नाही” एवढ्या सांगण्यावरून कोणताही मेकॅनिक काही ठरवू शकत नाही, कारण या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळे बिघाड असतात. म्हणून हेडलाइट लावा, एका माणसाला बोनेटजवळ उभे करा आणि दोन-तीन सेकंदांपुरता एकदाच सेल्फ मारा.

दिवे एकदम मंद झाले किंवा विझले आणि बोनेटखालून टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बॅटरीत जोर उरलेला नाही किंवा टर्मिनल सैल आहे असे समजावे. स्टार्टरवरचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) ओढला जातो, त्या क्षणी मोटर भरपूर करंट मागते, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. ती टकटक म्हणजे हेच चक्र होय. एकच जड “टक” होऊन पुढे काहीच घडले नाही, तर हुकूम स्टार्टरपर्यंत पोहोचला आहे, पण मोटर फिरत नाही. दिवे लख्ख राहिले आणि कसलाच आवाज आला नाही, तर स्टार्टरला हुकूमच मिळालेला नाही. आणि सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर बॅटरी आणि स्टार्टर दोघेही सुटले; दोष इंधनात, स्पार्कमध्ये किंवा इमोबिलायझरमध्ये (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेत) शोधावा.

घाबरून लागोपाठ सेल्फ मारत राहणे मात्र टाळावे. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाबरोबर बॅटरी आणखी खाली जाते आणि स्टार्टर तापतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावे.

बॅटरी खरोखर गेली आहे, की नुसती उतरली आहे?

हा फरक समजून घेतला नाही म्हणून चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. लेड-अॅसिड बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते, आणि आपल्याकडे बोनेटखाली उष्णतेची कमतरता नसते. त्यामुळे तीन-चार वर्षे झालेल्या बॅटरीवर संशय घेणे रास्त आहे. तरीही वय हा पुरावा नाही. वॉरंटी कार्डवरची तारीख पाहून घ्यावी आणि मग मीटर लावावा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजमाप करावे. बोनेट उघडण्यासाठी दार उघडावेच लागते आणि दार उघडले की गाडीतली यंत्रणा जागी होते, म्हणून बोनेट उघडून दारे बंद करावीत, आतला दिवा विझू द्यावा आणि थोडे थांबून बॅटरीच्या दोन खुंटांवर मीटर धरावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता मीटर तसाच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा क्षणभर खाली जाणारच, पण भरलेल्या आणि निरोगी बॅटरीत तो दहाच्या आसपास किंवा वर राहतो, ९.६ च्या खाली जाता कामा नये.

भरलेली बॅटरी सेल्फ मारताना सात-आठ व्होल्टपर्यंत कोसळत असेल, तर तिच्या प्लेट निकामी झाल्या आहेत किंवा एखादा सेल मेला आहे. ती बदलावी, तो खर्च वाया जात नाही. पण मुळातच ११.९ व्होल्ट दाखवणाऱ्या बॅटरीबद्दल काहीही निकाल देऊ नये. ती आधी पूर्ण चार्ज करावी, काही तास नुसती ठेवावी आणि मग तीच चाचणी पुन्हा करावी. चार-पाच अँपिअरच्या साध्या चार्जरला रात्रभर लावली तरी लहान गाडीची बॅटरी भरते. घरी सोय नसेल तर बॅटरीची दुकाने चार्ज करून लोड टेस्टरवर तपासून देतात. त्या चाचणीचा आकडा आपल्यासमोर पाहावा. अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली म्हणजे बॅटरी भरली, हा समज मात्र सोडून द्यावा. आयडलला अल्टरनेटर त्याच्या क्षमतेचा थोडाच भाग देतो, आणि त्यातला बराचसा एसीचा पंखा, दिवे आणि खुद्द इंजिनच खाऊन टाकते.

टर्मिनल: वरून स्वच्छ, आतून खराब

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत टर्मिनल लवकर खराब होतात. कोपरी, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यातल्या गाड्यांत पावसाळा संपता संपता पांढरी-हिरवी भुकटी जमलेली सर्रास दिसते. ती दिसते म्हणून निदान कोणी साफ तरी करते. जास्त फसवतो तो न दिसणारा थर. क्लॅम्प वरून चकचकीत असतो, हाताने हलतही नाही, पण तो काढून आत पाहिले तर शिशाच्या खुंटाभोवती काळपट राखाडी, काचेसारखा गुळगुळीत लेप बसलेला असतो. या लेपातून डॅशबोर्डचे दिवे लागण्यापुरता करंट सहज जातो, हॉर्न वाजतो, पॉवर विंडो चढते. मात्र स्टार्टरने शंभर अँपिअर मागितले की सगळे बसते. “दिवे तर लागतात, मग बॅटरी ठीक आहे, स्टार्टरच गेला” हा चुकीचा निष्कर्ष येथूनच निघतो.

हा दोष पकडण्याची पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन खुंटाच्या डोक्यावर आणि दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारावा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले असल्याने मीटरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर सांधा खराब आहे, आणि तो साफ केल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही.

साफ करताना इग्निशन बंद ठेवून आधी निगेटिव्ह काढावा, मग पॉझिटिव्ह. कारण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने लावावा, फेस थांबेपर्यंत घासावे, थोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि खुंट व क्लॅम्पचा आतला भाग बारीक पॉलिश पेपरने उजळ करावा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. घट्ट बसल्यावरच वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. आयडल स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवरच एक नाजूक सेन्सर असतो. तेथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा प्रयत्न करू नये.

उभ्या गाडीतली वीज कोण खाते?

नवी बॅटरी टाकूनही त्रास परत येतो त्याचे कारण बहुधा येथे असते, आणि नेमकी हीच तपासणी सहसा केली जात नाही, कारण तिला तासभर लागतो.

कुलूप लावलेली गाडीही थोडी वीज घेतेच: घड्याळ, अलार्म, किल्लीच्या सिग्नलची वाट पाहणारा रिसीव्हर. हा खर्च साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवस ते निभावून नेते. आता पार्किंग मोडमध्ये सतत जागा असलेला डॅशकॅम आणि फ्यूज बॉक्समधून जोडलेला जीपीएस ट्रॅकर मिळून ३०० मिलिअँपिअर घेतात असे समजा. दिवसाला ७.२ अँपिअर-तास, म्हणजे पाच दिवसांत ३६. सोमवारी भरलेली बॅटरी शनिवारी रिकामी मिळणे हा योगायोग नसून सरळ गुणाकार आहे, आणि बॅटरी दोन वर्षांची झाली असेल तर तो बुधवार-गुरुवारीच पुरा होतो.

मोजण्यासाठी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह खुंट आणि सोडवलेला निगेटिव्ह क्लॅम्प यांच्यामध्ये जोडावा लागतो. त्याआधी बोनेटचे लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवावे, म्हणजे गाडीला बोनेट बंद आहे असे वाटते; बोनेट लावण्यापूर्वी हेच लॅच हँडल ओढून पुन्हा मोकळे करायचे लक्षात ठेवावे. गाडी लॉक करावी आणि किल्ली बरीच लांब न्यावी, कारण स्मार्ट की जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत. सुरुवातीला मीटर अर्धा-एक अँपिअर दाखवेल; ते पाहून दचकू नये. सगळी मॉड्यूल झोपायला वीस मिनिटे ते पाऊण तास लागू शकतो. त्यानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर राहिला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करू नये किंवा सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज तत्काळ जाईल.

माझ्या पाहण्यात आलेले चोर बहुतेक नंतर बसवलेले असतात: डॅशकॅम, ट्रॅकर, बाजारातला म्युझिक सिस्टिम, जादा अलार्म. कंपनीच्या वस्तूंमध्ये डिकीचा न विझणारा दिवा आणि चिकटून बसलेला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हे दोन नेहमीचे. डिकीच्या दिव्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवावा आणि झाकण लावावे. उत्तर लगेच मिळते. डॅशकॅम काढून टाकण्याची गरज नाही. इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर त्याची जोडणी करून घेतली, किंवा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर वीज तोडणारे हार्डवायर किट बसवले, की काम होते.

एखादे उपकरण सापडले नाही आणि मोजमाप ५० मिलिअँपिअरच्या आत आले, तर दोष वापराच्या पद्धतीत शोधावा. घरापासून मार्केटपर्यंत आणि परत, एसी, दिवे आणि पावसात वायपर चालू, तीन हात नाका किंवा माजिवड्याच्या सिग्नलला इंजिन आयडलवर. अशा फेरीत सेल्फने घेतलेली वीजसुद्धा पुरती परत येत नाही. आठवड्यातून एकदा ठाणे-बेलापूर रस्त्यावरून गर्दी नसलेल्या वेळी अर्धा-पाऊण तास सलग चालवलेली गाडी, रोज पाच मिनिटे जागेवर गुरगुरणाऱ्या गाडीपेक्षा चांगल्या बॅटरीची राहते.

अल्टरनेटर

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले, हेडलाइट आणि एसी लावूनही आकडा साडेतेराच्या वर राहिला, तर अल्टरनेटर काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप कमी केले जाते, म्हणून एकाच वाचनावर निर्णय देऊ नये. दिवे लावून पुन्हा पाहावे. आकडा १२ च्या घरात राहून हळूहळू उतरत असेल, तर आधी पट्टा, मग अल्टरनेटरची जोडणी आणि रेग्युलेटर अशा क्रमाने तपासायला सांगावे.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून “बघा, गाडी बंद पडत नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला” असे दाखवण्याची पद्धत अजून दिसते. ती कोणालाही करू देऊ नये. बॅटरी निघताच व्होल्टेज उसळते आणि ईसीएमसारखा महागडा भाग जाऊ शकतो.

नुसता “टक” होतो तेव्हा

येथे स्टार्टर बदलण्याचे अंदाजपत्रक हमखास मिळते. त्याआधी अर्थिंग तपासावे. स्टार्टरला पॉझिटिव्ह केबलने जेवढा करंट जातो, तेवढाच परत इंजिन आणि गिअरबॉक्सवरून बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे येतो. ऐरोलीतल्या एका परिचितांच्या गाडीत हा त्रास महिनाभर अधूनमधून होत होता आणि एका गॅरेजने नवा स्टार्टर सुचवला होता. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारला, तेव्हा आकडा दीड व्होल्टच्या पुढे गेला. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. गिअरबॉक्सजवळची पट्टी बाहेरून शाबूत होती, पण बोल्टखालच्या डोळ्याभोवती गंज धरून तिच्या तारा एकेक करून तुटल्या होत्या आणि जेमतेम काही शिल्लक होत्या. नवी पट्टी आणि घासून साफ केलेला बोल्ट, एवढ्यावर गाडी चालू झाली. स्टार्टर तोच आहे.

अर्थिंग आणि पॉझिटिव्ह केबल दोन्ही चांगल्या निघाल्या, तर दोष स्टार्टरमध्येच आहे. तरीही अख्खा स्टार्टर बदलण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. स्टार्टरच्या अंगावर पान्याने हलके ठोकल्यावर तो फिरू लागला, तर कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी असते. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ब्रश, बुशिंग किंवा सोलेनॉइड सुटे बदलून मिळतात. आधी स्टार्टर उघडून दाखवा, मग काय बदलायचे ते ठरवू, असे सांगण्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

काहीच आवाज येत नाही तेव्हा

ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये चालू होत नसेल तर ब्रेक दाबून एन मध्ये पाहावी; एन मध्ये चालू झाली तर गिअर लिव्हरच्या स्विचचा प्रश्न आहे. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न मारणाऱ्या गाड्या आता पुष्कळ आहेत, आणि तेथे पावसाळ्यात एक विचित्र कारण सापडते: मूळ मॅटवर टाकलेला जाड रबरी मॅट पुढे सरकतो, पेडलखाली दुमडतो आणि क्लच शेवटपर्यंत जात नाही. मॅट काढून एकदा पाहावे.

बटण स्टार्टच्या गाडीत “की सापडत नाही” असा संदेश येत असेल, तर किल्लीतला बटणसेल संपला आहे. क्लच किंवा ब्रेक दाबून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवली आणि बटण दाबले, की बहुतेक गाड्या चालू होतात; काही गाड्यांत किल्ली ठेवण्याची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ हा सेल लागतो. यानंतर स्टार्टरचा फ्यूज पाहावा, आणि त्याच आकाराचा, त्याच क्रमांकाचा दुसरा रिले त्या जागी लावून पाहावा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

डॅशबोर्डवरचे किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला किल्ली ओळखू येत नाही. जुडग्यातली बाकीची किल्ली आणि कड्या बाजूला करून पाहावे, मग दुसरी किल्ली वापरून पाहावी. दुसऱ्या किल्लीने गाडी चालू झाली तर प्रश्न पहिल्या किल्लीच्या चिपपुरताच राहतो.

आपल्या भागात सीएनजीच्या गाड्या खूप आहेत आणि त्यांची दोन कारणे स्वतंत्र आहेत. पहिले, कंपनी फिटेड सीएनजी गाडीत गॅस भरण्याच्या झाकणाला एक छोटा स्विच असतो, आणि झाकण नीट न बसल्यास सुरक्षेसाठी इंजिन चालू होऊ दिले जात नाही. पंपावर रांगेतून पुढे सरकण्याच्या घाईत झाकण अर्धवट लागले, म्हणून गाडी ढकलत बाजूला घेतल्याचे प्रसंग घडतात. झाकण उघडून पुन्हा दाबून बसवावे. दुसरे कारण सावकाश वाढणारे आहे. बऱ्याचशा सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून टाकीत कायम तळाला काटा ठेवला, तर टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला राहत नाही. पेट्रोलच त्याला थंड ठेवते, त्यामुळे तो तापून लवकर जातो. शिवाय तेच थोडे पेट्रोल महिनोन्‌महिने शिळे होते, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दमट हवेतले पाणीही शोषून घेते. पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि ते अधूनमधून जाळावे.

पंप चालतो की नाही हे कानाने कळते. आजूबाजूला शांतता असताना सेल्फ न मारता फक्त इग्निशन चालू करावे. मागच्या सीटखालून दोन-एक सेकंद बारीक घुंई असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले, मग वायरिंग, आणि शेवटी पंप.

स्टॅक पार्किंग असलेल्या सोसायट्यांत आणखी एक प्रकार घडतो. खालच्या गाडीला वाट द्यायची म्हणून थंड पेट्रोल इंजिन चालू करून गाडी दहा फूट हलवली जाते आणि लगेच बंद केली जाते. थंड इंजिनात जास्त सोडलेले पेट्रोल जळत नाही, प्लग ओले होतात आणि पुढच्या वेळी सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नाही. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारावा. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत असे केल्यावर पेट्रोल बंद होते आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. इंजिन पकडताच पाय उचलावा आणि गाडी गरम होईपर्यंत चालवावी.

सकाळी चालू होणारी, पण लांबच्या फेरीनंतर गरम असताना रुसणारी आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होणारी गाडी असेल, तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरते आहे हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरचा) संशय घ्यावा. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, तर तो संशय बळावतो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०३३५ हा कोड मिळाला तर दिशा आणखी पक्की होते, पण सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर आणि वायर पाहावी. उंदीर हे आपल्याकडचे फार खरे कारण आहे. बोनेटच्या आतला फोम कुरतडलेला, बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या किंवा पावाचे तुकडे दिसले, तर टॉर्च घेऊन वायरिंग इंचाइंचाने तपासावे. तुटलेल्या दोन वायरी जोडण्याचे काम आणि ईसीएम बदलण्याचे काम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जंप स्टार्ट आणि धक्का

लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला; काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. मदत करणारी गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. केबल जाड असावी. स्वस्त पातळ केबल तापते आणि दोष नसलेल्या स्टार्टरवर उगाच संशय येतो. धक्का फक्त मॅन्युअल गाडीलाच द्यावा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर ईसीएमलाच वीज नसते, तेव्हा कितीही ढकलून उपयोग होत नाही.

पाणी साचलेल्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी

वर लिहिलेले काहीही या गाडीला लागू नाही. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा भरतीच्या वेळी मुसळधार पावसात नवी मुंबईच्या सखल भागात गाडी पाण्यात बंद पडली, किंवा उभ्या गाडीच्या बोनेटपर्यंत पाणी चढले, तर सेल्फ एकदाही मारू नये आणि धक्काही देऊ नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, आत आणि बाहेर पाणी कुठपर्यंत आले होते त्याचे फोटो घ्यावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यावी. एअर फिल्टर ओला आहे का हे पाहिल्यावर, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढता येते. “इंजिन प्रोटेक्शन” हे जादा कवच घेतलेले नसेल, तर पाण्यात सेल्फ मारल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

एवढे करूनही गाडी गॅरेजला न्यावीच लागली, तर आपले आकडे कागदावर लिहून द्यावेत: रात्रभरानंतरचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज, उभ्या गाडीतला करंट, आणि बिघाड थंड इंजिनात होतो की गरम. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा आणि कोणत्या चाचणीवरून तो बदलला ते बिलावर लिहून घ्यावे.